इशारा मिळतो, तरी माणसं का हलत नाहीत? आपत्तीची जोखीम नेमकी कशाने वाढते

गाळपेर

आपत्तीची जोखीम वाढवणारे घटक लिहा, असा प्रश्न परीक्षेत आला तर उत्तर सगळ्यांना पाठ असतं. गरिबी, दाट वस्ती, जंगलतोड, कच्ची घरं, जनजागृतीचा अभाव. पाचपैकी चार गुण नक्की. पण हीच यादी घेऊन एखाद्या वस्तीत गेलं की तिचा काही उपयोग होत नाही. गरीब आणि दाट वस्त्या जगात लाखांनी आहेत. त्यांतली एक वाहून जाते आणि तिच्या शेजारची सावरते, ते का? म्हणून हा धागा.

पुस्तकी मांडणी आधी सांगून मोकळा होतो. एक म्हणजे संकट: भूकंप, पूर, वादळ. दुसरं, त्याच्या वाटेत असलेली माणसं आणि मालमत्ता. तिसरं, त्या माणसांचा दुबळेपणा. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. गुणाकार असल्यामुळे एकच आकडा शून्याजवळ नेला तरी उत्तर खाली येतं. वादळ कोणाला थांबवता येत नाही, बाकीचे दोन आकडे मात्र बरेचसे माणसांनीच लिहिलेले असतात.

बांगलादेशचा किनारा घ्या. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली असं मानतात. एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे एक लाख चाळीस हजार. नोव्हेंबर २००७ च्या 'सिद्र'मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. किनारा तोच, लोकसंख्या तर मधल्या काळात दुपटीहून वाढलेली. बदललं ते वेगळंच. १९७२ पासून गावोगावी स्वयंसेवकांची साखळी उभी राहिली, भोंगा घेऊन दारोदार फिरणारी. चालत गाठता येतील असे निवारे बांधले गेले. आणि इशारा बहुतेक वेळा खरा ठरतो, हा विश्वास हळूहळू बसत गेला.

उलटं उदाहरण कोलंबियातल्या आर्मेरोचं. १३ नोव्हेंबर १९८५ ला रात्री नेवादो देल रुइस ज्वालामुखी फुटला, माथ्यावरचा बर्फ वितळला आणि चिखलाच्या लोंढ्याने २९ हजारांच्या गावातले सुमारे २० हजार लोक गाडले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि त्यात आर्मेरो लोंढ्याच्या वाटेवर दाखवलं होतं. गाव वसलं होतं तेच मुळी १८४५ च्या चिखलाच्या थरावर. उद्रेक झाला आणि लोंढा आला, यात दोन तासांहून जास्त वेळ होता. उंचावर चालत जायला तो पुरला असता.

माझं मत असं की यादीत सगळ्यात वर असायला हवा तो घटक यादीत नसतोच: इशारा ऐकल्यावर उठून जाता येणं. ही ऐपत फक्त पैशाची नाही. हातावरचं पोट, दावणीला बांधलेलं जनावर, घर आपलं असल्याचा कागद नसणं, अंथरुणाला खिळलेलं माणूस, मागच्या खेपेला फुकट गेलेली धावपळ, हे सगळं त्यात येतं. मतं येऊ द्यात.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण खोड काढल्याशिवाय मला राहवत नाही. हल्ली निसर्गाला सरसकट निर्दोष सोडायची पद्धत पडली आहे. आता कोणीतरी २०१० ची जोडी घेऊन येईलच: जानेवारीत हैतीला ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाखाच्या वर माणसं गेली, फेब्रुवारीत चिलीला ८.८ चा झाला, म्हणजे सुमारे पाचशे पट ऊर्जेचा, आणि मृत्यू पाचशेच्या आसपास. मग निष्कर्ष ठरलेला: सगळा दोष बांधकामाचा. पण हैतीचा केंद्रबिंदू राजधानीपासून पंचवीस किलोमीटरवर आणि उथळ, चिलीचा समुद्रात आणि जास्त खोल. हे कोणी सांगत नाही. मेक्सिको सिटी १९८५ मध्ये हादरली तेव्हा केंद्रबिंदू साडेतीनशे किलोमीटरहून लांब होता. शहर जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर उभं असल्याने भूकंपाच्या लाटा तिथे येऊन फुगल्या. यात तुमची ऐपत कुठे आली?

कॉलम_बीम

शंकासुर, केंद्रबिंदूचा मुद्दा बरोबर. मऊ गाळाचाही. पण मेक्सिकोत त्या गाळावरच्या सगळ्या इमारती पडल्या नाहीत. साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना सर्वात जास्त मार बसला, कारण त्यांची डोलण्याची लय जमिनीच्या लयीशी जुळली. खाली काय आहे आणि वर काय बांधलंय, हे दोन्ही एकत्रच बघावं लागतं.

किल्लारीचं सांगतो, कारण तिथे 'गरिबी' हा शब्द नीट बसत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, तीव्रता ६.२. जगाच्या हिशेबात मध्यम भूकंप, पण हजारो माणसं गेली. घरं कशी होती? दोन बाजूंनी दगड रचलेल्या जाडजूड भिंती, मध्ये भर, सांध्यांत चिखल, दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नाहीत. वर मातीचं माळवद. गळायला लागलं की आणखी एक थर द्यायचा, म्हणजे वजन वाढतच जातं. उन्हाळ्यासाठी हे घर उत्तम. हादऱ्यात मात्र भिंत पोटातून फुगते, दोन बाजूंनी सुटते आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर येते.

ज्यांचं छप्पर वेगळ्या लाकडी खांबांवर होतं, त्यांच्या भिंती पडल्या तरी छप्पर बऱ्याच ठिकाणी उभं राहिलं. गवताने शाकारलेल्या झोपडीतला माणूस दगडी वाड्यातल्या माणसापेक्षा सुरक्षित होता. तेव्हा 'गरीब तो असुरक्षित' हे गणित पुरासाठी ठीक, भूकंपात कधीकधी उलटं पडतं. शिवाय तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वात कमी भूकंपप्रवण पट्ट्यात होता. 'इथे काही होत नाही' असा शिक्का बसलेला प्रदेश मला जास्त घाबरवतो.

नियम असून काय होतं, त्याचं उत्तर तुर्कस्तान. १९९९ च्या भूकंपात तिथे सतरा हजारांवर लोक गेल्यानंतर नियम कडक झाले. मग २०१८ मध्ये सरकारने पैसे भरून बेकायदा बांधकामं नियमित करायची योजना आणली. ६ फेब्रुवारी २०२३ ला ७.८ चा भूकंप आला आणि एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. पावती दाखवली म्हणून खांबात सळई वाढत नाही.

अनवाणी

गाळपेर, तुमच्या यादीत एक मोठी गोष्ट राहिली आहे: घरात निर्णय कोण घेतं. मदतकार्यात काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितेय.

१९९१ च्या बांगलादेशातल्या वादळात वीस ते चाळीस-पंचेचाळीस वयाच्या बायकांच्या मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांच्या चार-पाच पट होतं. शरीर दुबळं हे त्याचं कारण नाही, या वयात बाई चांगली धडधाकट असते. कारणं फार साधी आहेत. नवरा बाहेर, त्याच्या परवानगीशिवाय घर कसं सोडायचं. कडेवर एक, हाताला एक. पोहायला कधी शिकवलंच नाही. अंगावर पायात अडकणारं कापड. आणि निवारा म्हणजे परक्या पुरुषांनी भरलेली एक खोली, आडोसा नाही, संडास नाही. तिथे रात्र काढण्यापेक्षा घरी थांबलेलं बरं, असं तिला वाटलं तर ते अडाणीपण नव्हे, तिने तिचा हिशेब केला आहे. पुढे तिथे स्वयंसेवकांत बायका मोठ्या संख्येने आल्या, निवाऱ्यांत वेगळी जागा झाली, तेव्हा बायका घराबाहेर पडू लागल्या.

दुसरं म्हणजे जनावरं. सरकारी माणूस सांगतो, 'जीव वाचवा, बाकी सगळं परत मिळेल.' ज्याची सगळी बचत गोठ्यात उभी आहे त्याला माहीत असतं की ते परत मिळत नाही. बांगलादेशात १९७० नंतर गुरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले. त्यांना तिथे किल्ला म्हणतात. साधी गोष्ट, पण अडलेला माणूस तिने सुटतो.

आणि तिसरं, जे कोणाच्या यादीतच नाहीत ते. हंगामी मजूर, भाडेकरू, होडीवर राहणारे, वीटभट्टीवरचे. गावाची लोकसंख्या मोजून निवारा बांधतात, त्या मोजणीत हे नसतात. इशारा त्यांना कळणाऱ्या भाषेत नसतो आणि नंतर भरपाईच्या वेळी कागद नसतो.

टिवल्याबावल्या

म्हणजे म्हैस आधी हलवा, मालक मागोमाग येईलच.

गाळपेर

टिवल्या, चेष्टेत बोललात पण नियोजन याच क्रमाने करायला हवं.

शंकासुर यांना: हैती-चिलीबद्दल मान्य, म्हणून मी मुद्दाम एकाच किनाऱ्याची वेगवेगळी वर्षं घेतली. आणखी एक तशीच जोडी आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ ला 'फायलिन' त्याच किनाऱ्यावर आलं, त्याआधी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. चौदा वर्षांत किनारा श्रीमंत झाला नव्हता.

उत्तररात्र

मी रुग्णालयात काम करते, उन्हाळ्यात रात्रपाळी जास्त. या धाग्यात उष्णतेची लाट अजून आलीच नाही. ती फोटोत दिसत नाही ना, म्हणून मागे पडते.

उष्माघाताचा पेशंट स्वतःहून येत नाही, त्याला कोणीतरी आणावं लागतं. गोंधळलेला असतो, आपल्याला काय होतंय हे त्याला कळतच नाही. म्हणून घरात किंवा शेजारी कोणी आहे की नाही यावर बरंच काही ठरतं. शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. बरेचसे एकटे राहणारे म्हातारे, दारं-खिडक्या लावून घेतलेले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या दोन शेजारशेजारच्या वस्त्या तपासल्या. दोन्ही गरीब, एकट्या वृद्धांचं प्रमाणही मिळतंजुळतं. एकीत मृत्यूदर दुसरीच्या दहापट. कमी मृत्यूच्या वस्तीत रस्त्यावर दुकानं, वर्दळ, म्हातारी माणसं पायी बाहेर पडणारी. दुसरीत ओसाड प्लॉट, बंद दुकानं, गुन्हेगारीची भीती. तिथे कोणी कोणाचं दार वाजवत नव्हतं.

आणखी एक, डॉक्टर सोडून फारसं कोणी बोलत नाही ते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं, यांमुळे शरीराला उष्णता झेलणं जड जातं. म्हणजे औषधं घेणारा, पत्र्याखाली झोपणारा, एकटा राहणारा माणूस तिन्हीकडून अडकतो. रात्रीसुद्धा तापमान उतरलं नाही की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्याकडे रांग लागते.

अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत १,३४४ जादा मृत्यू झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं आणि २०१३ मध्ये तिथे उष्णतेसाठी शहराचा वेगळा आराखडा आला. आधी मोजणी झाली, मग कोणीतरी जागं झालं. जिथे असे मृत्यू मोजलेच जात नाहीत तिथे जोखीम कागदावर शून्य असते.

शंकासुर

उत्तररात्र यांचा प्रतिसाद आवडला, खोड सापडली नाही.

आता मोठ्या बांधकामांकडे वळू. बांध, धरणं, समुद्रभिंती यांनी जोखीम कमी होते की वाढते? प्रामाणिक प्रश्न आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाच्या वेळी बांध होतेच. ते फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

कॉलम_बीम

दोन्ही होतं, तेच अवघड आहे. बांध छोटे पूर अडवतो, म्हणून मागची जमीन 'सुरक्षित' ठरते, भाव वाढतो, वस्ती वाढते, लोक पूर विसरतात. मग बांधाच्या ताकदीपलीकडचा पूर येतो, तेव्हा पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माणसं त्याच्या वाटेत असतात.

जपानच्या इवाते किनाऱ्यावर मार्च २०११ मध्ये याची दोन रूपं दिसली. तारो गावाला दहा मीटर उंच भिंत होती, जगभरातून लोक ती बघायला यायचे. लाट वरून आली आणि दीड-दोनशे माणसं गेली. भिंत आहे म्हणून न हललेलेही त्यांत होते. त्याच किनाऱ्यावर फुदाई गावात लाट अडवणारा साडेपंधरा मीटर उंच दरवाजा होता. कोतोकू वामुरा या तिथल्या जुन्या प्रमुखांनी १९३३ ची त्सुनामी बघितली होती. खर्चावरून टीका झाली तरी ते उंचीवर अडून बसले. १९८४ मध्ये दरवाजा झाला आणि २०११ मध्ये गाव जवळपास जसंच्या तसं राहिलं. तेव्हा भिंत वाईट किंवा चांगली असं काही नसतं. उंची कोणत्या लाटेवरून ठरवली, हे विचारायचं.

आणि देखभाल. लिबियात देर्नाच्या वरची दोन धरणं १९७० च्या दशकातली. पुढे यादवी, देखभालीची आबाळ, अभ्यासकांचे इशारे पडून. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत दोन्ही फुटली आणि हजारो माणसं समुद्रात गेली. उद्घाटनाला पैसा मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही. यात विकसित-अविकसित असा फार फरक नाही.

ओहोटी

फुदाईच्या प्रमुखांना १९३३ आठवत होतं, यावरून लिहिते. इंडोनेशियातलं सिमेउलुए बेट २००४ च्या भूकंपाच्या केंद्राला अगदी जवळ. सुमारे ७८ हजार वस्ती, लाटेने मृत्यू सात. समोरच्या आचेह प्रांतात दीड लाखाच्या वर. बेटावर १९०७ मध्ये अशीच लाट आली होती, तिची गोष्ट अंगाईतून, म्हणींतून चालत आलेली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की टेकडी गाठा. ना भोंगा, ना मोबाईल. मला वाटतं, वस्ती किती नवी आहे हाही जोखमीचाच घटक. ओढा मूळचा कुठून वाहायचा हे सांगणारं कोणी उरलं नाही की लोक ओढ्यातच प्लॉट घेतात.

शंकासुर

सुंदर उदाहरण, पण गोष्ट चुकीचीही असू शकते. 'गेल्या पुरात पाणी या पायरीपर्यंत आलं होतं, त्यापुढे येत नाही' हीसुद्धा आठवणच. वरच्या बाजूला डांबर आणि काँक्रीट वाढलं की पायरी बदलते.

गाळपेर

अगदी. जुनी खूण तळरेषा म्हणून धरावी, कमाल मर्यादा म्हणून नाही.

एक गोष्ट मांडायची राहिली होती, ती लहान संकटांची. मोठ्या आपत्तीचं नाव होतं, मदत येते, मंत्री येतात. दर एक-दोन वर्षांनी येणारा गुडघाभर पूर बातमीत नसतो. पण त्यात दरवेळी थोडं जातं. पहिल्यांदा साठवलेलं धान्य, मग शेळ्या, मग कर्ज, मग थोरल्या मुलीची शाळा. भिंतीला ओल धरते, ती दुरुस्त होण्याआधी पुढचं पाणी. अशी तीन-चार वर्षं गेली की साधासा पाऊसही त्या घराला पुरून उरतो. बाहेरून बघणारा म्हणतो, 'एवढ्याशा पावसात एवढं नुकसान?' तो नेमका शेवटचा हप्ता बघत असतो. विमा असो की बचतगट, इथे हाताशी पटकन मिळणारी थोडी रक्कम नंतरच्या मोठ्या मदतीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

कौलारू

बराच वेळ नुसता वाचत होतो. मला सांगा, स्वतःच्या वस्तीकडे बघताना प्रश्न कोणते विचारायचे? सरकारी आराखडा बघितला, त्यात फोन नंबरच जास्त आहेत.

अनवाणी

आराखडा बाजूला ठेवा आणि रात्री दोन वाजता काय होईल ते विचारा. निवारा म्हणून शाळा दाखवली आहे, तिची किल्ली कोणाकडे असते? तो माणूस गावात झोपतो का? शाळेकडे जाणारा रस्ता आधी पाण्याखाली जातो का? तो बहुतेक वेळा जातोच. उचलून न्यावं लागेल अशी माणसं कोणत्या घरांत आहेत, आणि कोण उचलणार? न्यू ऑर्लिन्समध्ये शहर सोडायचा आदेश वादळाच्या आदल्या दिवशी निघाला, पण चारातल्या एकाहून जास्त घरांत गाडीच नव्हती.

उत्तररात्र

विजेवर जगणाऱ्यांची वेगळी यादी करा. डायलिसिसवाले, ऑक्सिजनचं यंत्र लागणारे, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवणारे. प्वेर्तो रिकोत सप्टेंबर २०१७ च्या 'मारिया' वादळानंतर मृत्यूंचा सरकारी आकडा बरेच महिने ६४ होता. पुढे विद्यापीठाच्या अभ्यासात तो २,९७५ निघाला आणि सरकारने मान्य केला. फरकातली बरीचशी माणसं वाऱ्याने गेलेली नाहीत, नंतरच्या अंधारात आणि बंद दवाखान्यांमुळे गेलेली आहेत.

शंकासुर

रुग्णालयांना जनरेटर असतात की.

कॉलम_बीम

असतात, पण कुठे ठेवलेत ते बघा. २०१२ मध्ये 'सँडी' वादळात न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरलं, पर्यायी वीज गेली आणि तीनशेहून जास्त रुग्ण रात्रीत जिन्यावरून उतरवावे लागले. जनरेटर वर असला तरी इंधनाचा पंप खाली असतो, हा नेहमीचा घोळ.

टिवल्याबावल्या

आत्ता खाली जाऊन बघून आलो. आमच्या इमारतीत जनरेटर, पाण्याचा पंप आणि मीटरची खोली, तिन्ही तळघरात.

कॉलम_बीम

मीटरची खोली आधी वर घ्या. पंपाला सध्या निदान उंच ओटा करा आणि स्टार्टर पहिल्या मजल्यावर न्या. जनरेटरला वजन आहे, त्याची जागा बघून सांगावी लागेल, आराखडा खाजगी निरोपातून पाठवा.